रोमँटिसिझम आधी समीक्षकांनी घडवला

पुण्यात जर्मन शिकणारे पुष्कळ. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, बोट क्लब रोडवरचं मॅक्समुल्लर भवन, शिवाय अकरावी-बारावीला जर्मन घेणारी मुलं. यातली काही मंडळी बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी वाचता येण्याची, पातळी ओलांडून साहित्याकडे वळतात आणि हमखास अडतात ती रोमँटिसिझमपाशी. कारण उघड आहे. आपली रोमँटिसिझमशी ओळख केशवसुत, बालकवी आणि पुण्यातच १९२३ साली जमलेलं रविकिरण मंडळ यांच्यामार्फत झालेली असते, आणि त्या कवितेमागे वाचन होतं ते मुख्यतः इंग्रजी कवींचं. निसर्ग, प्रेम, एकटेपण, उचंबळून आलेलं मन, एवढी अपेक्षा मनाशी धरून माणूस जर्मन पुस्तक उघडतो आणि हाती लागतात पुस्तक-परीक्षणं, नाट्यसमीक्षा, भाषांतरावरचे लेख आणि दोन-दोन ओळींची स्फुटं. मग कविता कुठे आहे?

कविता आहे, पण ती मागून आली. जर्मनीत या चळवळीचा पाया समीक्षकांनी घातला. 'रोमँटिक' म्हणजे काय हे आधी नियतकालिकात छापून आलं आणि मग त्या बरहुकूम लिहिणारे पुढे झाले. त्यामुळे जर्मन रोमँटिसिझम वाचायचा तर समीक्षेपासून सुरुवात करणं हाच सरळ रस्ता आहे, असं माझं ठाम मत आहे. कोणतं लेखन कोणत्या क्रमाने घ्यावं, कुठे पाय घसरतो आणि का, हे पुढे लिहितो आहे.

सुरुवात लाइपझिगच्या प्राध्यापक गॉटशेडपासून करावी, कारण पुढच्या सगळ्यांना भांडायला तोच लागतो. त्याने १७३० च्या सुमारास काव्यशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला. शोकांतिका कशी रचावी याची कृती त्यात पायरीपायरीने दिली आहे. आधी प्रेक्षकांच्या मनावर ठसवायचं एखादं नीतितत्त्व निवडायचं. ते तत्त्व सिद्ध होईल अशी एक सर्वसाधारण गोष्ट रचायची. मग इतिहासात असंच काही घडलेली नामवंत माणसं शोधायची आणि त्यांची नावं आपल्या पात्रांना द्यायची, म्हणजे गोष्टीला वजन येतं. शेवटी सगळ्याचे साधारण सारख्या आकाराचे पाच भाग पाडायचे. झालं नाटक. हे वाचून हसू येतं, पण हसून सोडून देऊ नये. फिरत्या नाटकमंडळ्यांच्या विस्कळीत खेळांना शिस्त लावायची त्याची धडपड खरी होती. अडचण अशी की या पद्धतीत आशय आणि रूप दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात आणि नंतर जोडले जातात. पुढच्या सत्तर वर्षांची जर्मन समीक्षा हा सांधा उखडण्यात गेली.

पहिला घाव नाटककार आणि समीक्षक लेसिंगचा. १६ फेब्रुवारी १७५९ या तारखेचं त्याचं सतरावं साहित्यपत्र (पत्ररूपातला साहित्यविषयक लेख) अवघ्या काही पानांचं आहे आणि बी-टू झालेल्या कोणालाही ते शब्दकोश घेऊन एका बैठकीत वाचता येतं. जर्मन रंगभूमीच्या सुधारणेचं बरंचसं श्रेय गॉटशेडला आहे हे कोणीही नाकारणार नाही, असं एका नियतकालिकाने लिहिलं होतं. लेसिंग म्हणतो, तो 'कोणीही नाही' म्हणजे मी, मी साफ नाकारतो. त्यानंतरचा युक्तिवाद नीट पाहावा. फ्रेंच नाटककार कॉर्नेय यांत्रिक मांडणीत प्राचीन ग्रीकांच्या जवळ आहे, शेक्सपिअर मूळ गाभ्यात त्यांच्या जवळ आहे, असं तो म्हणतो. मांडणी एकीकडे आणि गाभा दुसरीकडे, ही फोड इथे पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे केलेली दिसते. आणि पत्र संपताना लेसिंग फाउस्टच्या कथेवरचा एक नाट्यप्रवेश जोडतो. तो प्रवेश त्याचा स्वतःचाच. टीका करता करता टीकाकार नमुना लिहून दाखवतो; ही सवय पुढे रोमँटिकांनी पुरेपूर उचलली.

लेसिंगचं 'लाओकून' (१७६६) आणि 'हाम्बुर्गिशं ड्रामाटुर्गी' (१७६७ ते १७६९) ही दोन्ही मोठी पुस्तकं. दुसरं मुळात हाम्बुर्गच्या नव्या नाट्यगृहासाठी आठवड्यातून दोनदा निघणारं पत्र होतं. नाटक आणि नट दोन्हींवर लिहायचं असा बेत होता. नटमंडळी नाराज झाली, नटांवर लिहिणं थांबलं, चोरट्या आवृत्त्यांनी वेळापत्रक कोलमडलं, नाट्यगृहही चाललं नाही, आणि १०४ अंकांवर सगळं संपलं. सगळे अंक वाचायची गरज नाही. 'लाओकून'मधलं मात्र एक उदाहरण चुकवू नये: होमर अकिलीसच्या ढालीचं वर्णन करत बसत नाही, ढाल घडत असताना दाखवतो. चित्राचं क्षेत्र अवकाश आणि काव्याचं काळ, हे तत्त्व लेसिंगने असं एका ढालीवर उभं केलं आहे.

पुढचा समीक्षक हेर्डर. त्याच्यापाशी थोडं जास्त थांबावं लागतं. १७७० साली स्ट्रासबुर्गमध्ये तरुण कवी ग्योटे त्याला भेटला आणि १७७३ साली हेर्डरने संपादित केलेली एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्यातला शेक्सपिअरवरचा लेख वाचताना पहिल्याच परिच्छेदातला वादळ, समुद्र आणि खडकावर बसलेला महाकवी पाहून 'हे तर भावनेचं उधाण' असा शेरा मारायचा मोह होतो. लेखाचा कणा पुढे आहे. ग्रीक नाटक वृंदगायनातून वाढलं, म्हणून त्यात एक स्थळ, एक काळ, एक घटना हे आपसूक आलं. ते नियम नव्हते, ती त्या मातीची परिस्थिती होती. शेक्सपिअरपुढे वृंदगायन नव्हतं. त्याच्यापुढे राजे, विदूषक, लढाया, गर्दी असं सगळं होतं, म्हणून त्याचं नाटक वेगळं झालं. दोघांनाही नाटक म्हणायचं ते जवळजवळ नावापुरतं. एका काळाचा गज घेऊन दुसऱ्या काळाचं कापड मोजू नये, हा विचार आज इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणीतरी पहिल्यांदा मांडला असेल हे लक्षातच येत नाही. त्याच हेर्डरने १७७८-७९ मध्ये निरनिराळ्या लोकांची गाणी जर्मनमध्ये आणून छापली. जात्यावरच्या ओव्यांना साहित्य म्हणून वाचणाऱ्या आपल्याला त्याची ओढ लगेच कळावी.

इथे एक ठळक इशारा. लेसिंग, हेर्डर, ग्योटेची १७७४ ची कादंबरी 'वेर्थर' आणि 'श्टुर्म उंड ड्रांग' म्हणून ओळखली जाणारी तरुणांची लाट, यातलं काहीही अजून रोमँटिसिझम नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकं ग्योटे आणि शिलर यांनाही बेलाशक रोमँटिकांत बसवतात. जर्मन वाङ्मयेतिहासात ते वायमारचे अभिजात लेखक आहेत, आणि शिलरचं तर रोमँटिकांशी जाहीर वाकडं होतं. परीक्षेत आणि लेखांत सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. सालांची एक छोटी पट्टी वहीत आखून ठेवावी.

मधे तत्त्वज्ञानाचा एक टप्पा येतो: कांटची १७९० ची निर्णयशक्तीवरची मीमांसा आणि येना विद्यापीठात १७९४ पासून शिकवणारा फिख्टे. साहित्याच्या वाचकाला यातलं फार थोडं पुरतं. कांटकडून घ्यायचं ते एवढं की सौंदर्याचा निर्णय आधी ठरलेल्या नियमावरून काढता येत नाही. फिख्टेकडून घ्यायचं ते असं की 'मी' म्हणजे तयार वस्तू नाही, ती सतत चालू असलेली कृती आहे आणि ती स्वतःकडे वळून पाहू शकते. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' ज्यांनी वाचली आहे त्यांना कांटचा भाग मराठीतून आधीच ओळखीचा असेल. बाकीच्यांनी इथे महिने घालवू नयेत, नाहीतर श्लेगेलपर्यंत पोचणंच होत नाही.

आता श्लेगेल बंधू. थोरला आउगुस्ट विल्हेल्म (१७६७ ते १८४५), धाकटा फ्रीडरिष (१७७२ ते १८२९). थोरला शिस्तीचा, कष्टाळू, छंद आणि भाषेचा पक्का. धाकटा उसळता, उडी मारून पुढे जाणारा. धाकट्याने १७९५ च्या सुमारास ग्रीक काव्याच्या अभ्यासावर एक प्रबंध लिहिला, तो १७९७ ला छापून आला. त्यात ग्रीक काव्य पूर्ण, वस्तुनिष्ठ, स्वतःत समाधानी. आधुनिक काव्य मात्र कायम अस्वस्थ, प्रकारांची सरमिसळ करणारं, व्यक्तिविशेषाच्या मागे लागलेलं, कधी पुरं न होणारं. ही तक्रारीची यादी आहे. ती जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या आणि शेजारी त्याचंच 'आथेनेउम'मधलं १७९८ चं ११६ वं स्फुट ठेवा. तीच यादी, फक्त खूण बदललेली. दोष होते ते आता आदर्श झाले आहेत. या तीन वर्षांत शिलरचा भोळ्या आणि चिंतनशील काव्यावरचा प्रबंध (१७९५-९६) आला होता, आधुनिक कवीच्या अस्वस्थतेला त्यात मानाचं स्थान होतं, आणि फ्रीडरिषला त्याची दखल आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत घ्यावी लागली. रोमँटिसिझमचा जन्म पाहायचा असेल तर तो या दोन कागदांच्या मधल्या जागेत दिसतो. मला तरी या विषयात यापेक्षा रोमांचक काही माहीत नाही.

'आथेनेउम' हे बंधूंचं नियतकालिक १७९८ ते १८०० या काळात बर्लिनहून निघालं. एकूण सहा अंक. खप बेताचा, शत्रू भरपूर. मंडळी जमायची ती मुख्यतः येनाला, आउगुस्ट विल्हेल्म आणि त्याची पत्नी कारोलिनं यांच्या घरी: फ्रीडरिष आणि त्याची जोडीदार डोरोथेआ, कवी टीक, अधूनमधून खाणखात्यातल्या कामातून येणारा कवी नोव्हालिस, तरुण तत्त्वज्ञ शेलिंग. कारोलिनंचा भाषांतरांत आणि परीक्षणांत हात होता, नाव मात्र मुखपृष्ठावर नाही.

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या अंकात ४५१ स्फुटं निनावी छापली गेली. फ्रीडरिषची सर्वात जास्त, पण थोरल्या भावाची, धर्मचिंतक श्लायरमाखरची आणि काही नोव्हालिसचीही त्यांत मिसळलेली. त्यामुळे 'श्लेगेल म्हणतो' असं लिहिण्याआधी ते स्फुट कोणाचं हे टिपांत तपासणं भाग आहे. सुजाण स्त्रियांसाठीची विवेकाची प्रश्नोत्तरी म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते ३६४ वं स्फुट श्लायरमाखरचं आहे आणि ते सर्रास फ्रीडरिषच्या नावावर खपवलं जातं. दुसरी चूक म्हणजे स्फुटांना सुचलेल्या ओळी समजणं. ती घासूनपुसून छापलेली आहेत. २०६ व्या स्फुटात फ्रीडरिष म्हणतो की स्फुट हे छोट्या कलाकृतीसारखं, भोवतालच्या जगापासून तुटलेलं आणि साळूसारखं स्वतःत पूर्ण असावं.

११६ वं स्फुट वाचायची माझी शिफारस अशी. एकटं वाचू नये, तीन-चार जणांनी मिळून मोठ्याने वाचावं. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांखाली रेघ मारावी. सुरुवातीला रोमँटिक काव्य 'आहे' असं येतं: ते प्रगतिशील, वैश्विक काव्य आहे. लगेच पुढे 'त्याला करायचं आहे आणि त्याने करायलाच हवं' अशी जोडी येते. काय करायचं? तुटलेले काव्यप्रकार पुन्हा जोडायचे, काव्याला तत्त्वज्ञान आणि वक्तृत्वाशी भिडवायचं, पद्य आणि गद्य, प्रतिभा आणि समीक्षा कधी मिसळायची, कधी एकजीव करायची. मग 'करू शकतं' येतं: ते महाकाव्यासारखं सगळ्या काळाचा आरसा होऊ शकतं, आणि चित्रित वस्तू व चित्रकार यांच्या मधोमध तरंगत, चिंतनाच्या पंखांवर, त्या चिंतनाचंच पुन्हा चिंतन करत जाऊ शकतं, आरशांच्या न संपणाऱ्या रांगेत प्रतिमा वाढत जावी तसं. शेवटाकडे परत 'आहे', पण आता ते 'होत आहे' या अर्थाचं: बाकीचे काव्यप्रकार पुरे झाले, त्यांची चिरफाड करता येते, हे मात्र कायम घडतच राहणार, कधीच पुरं होणार नाही. क्रियापदांचा हा प्रवास दिसला की स्फुटाचा प्रकार कळतो. हे वर्णन नाही, कार्यक्रम आहे. १७९८ साली असं काव्य लिहिलं गेलेलं नव्हतं. समीक्षकाने त्याची मागणी नोंदवली होती.

दुसऱ्या फेरीत 'प्रतिभा आणि समीक्षा' हे दोन शब्द धरून बसावं. समीक्षेला काव्याच्या आत जागा दिली आहे. 'लित्सेउम' या नियतकालिकात आलेल्या फ्रीडरिषच्या १७९७ च्या स्फुटांतलं ११७ वं यालाच जोडून येतं: काव्याची समीक्षा काव्यानेच करता येते. याचा अर्थ परीक्षण लाडिक, अलंकारिक भाषेत लिहावं असा घेतला तर फसगत होते. अर्थ कळतो तो 'विल्हेल्म माइस्टर'वरच्या १७९८ च्या लेखात. ग्योटेची ही आठ खंडांची कादंबरी १७९५-९६ मध्ये आली होती. फ्रीडरिष कादंबरीबाहेरचा एकही निकष आणत नाही. तो खंडामागून खंड चालत जातो, प्रत्येक खंडाचा सूर, त्यातल्या माणसांची मांडणी, एका खंडाने दुसऱ्यासाठी तयार केलेली जागा दाखवतो. मग म्हणतो की हे पुस्तक स्वतःच स्वतःचा न्याय करतं आणि समीक्षकाचे श्रम वाचवतं. कादंबरीत नायक हॅम्लेटवर जी चर्चा करतो तीही फ्रीडरिषच्या लेखी काव्यच. म्हणजे कृतीच्या आतच तिची समीक्षा सुरू झालेली असते आणि समीक्षक ती पुढे नेतो. विसाव्या शतकातला समीक्षक वाल्टर बेन्यामिन याने १९१९ साली बर्नला सादर केलेल्या प्रबंधात नेमका हाच धागा पकडला: या लोकांच्या लेखी समीक्षा म्हणजे गुण देणं नव्हे, कृती पूर्णत्वाकडे नेणं.

आपल्या वर्तमानपत्री परीक्षणांना सवय झाली आहे कथानकाचा सारांश, दोन गुण, एक दोष आणि 'संग्राह्य' अशी. त्या सवयीतून बाहेर पडायला हा लेख उत्तम तालीम आहे. मराठीतली एखादी कादंबरी घेऊन, बाहेरचा निकष न लावता, प्रकरणामागून प्रकरण तिचा सूर नोंदवत जावं. दहा पानांत हात भरून येतो आणि आपण किती ठिकाणी उसने निकष लावतो ते लख्ख दिसतं.

भावनेच्या गैरसमजावर अक्सीर इलाज म्हणजे ३७ वं 'लित्सेउम' स्फुट. कलावंत जोवर सुचण्याच्या भरात आणि उत्साहात आहे तोवर, निदान सांगण्यापुरता, तो मोकळा नसतो, असं फ्रीडरिष म्हणतो. त्याला सगळंच सांगून टाकायचं असतं. स्वतःला आवर घालणं हे कलावंताचं पहिलं आणि शेवटचं, सर्वात आवश्यक आणि सर्वोच्च कर्तव्य. कारण जिथे आपण स्वतःला आवरत नाही तिथे जग आपल्याला आवरतं आणि आपण गुलाम होतो. हे १७९७ चं. तीन वर्षांनी वर्डस्वर्थने उत्कट भावनांच्या उत्स्फूर्त उद्रेकाची व्याख्या दिली. तीही शांतपणे आठवलेल्या भावनेच्या अटीसह, पण आपल्याकडे अट गळाली आणि उद्रेक राहिला. फ्रीडरिषची प्रसिद्ध आयरनी हीच: निर्माण करायचं, त्यापासून लांब सरकायचं, पुन्हा निर्माण करायचं. प्रात्यक्षिक हवं तर टीकचं बूट घातलेल्या बोक्यावरचं १७९७ चं नाटक घ्यावं. त्यात रंगमंचावरच प्रेक्षक बसलेले आहेत, ते नाटकावर सतत शेरे मारतात, नाटककार घाबरून त्यांची समजूत काढायला बाहेर येतो, आणि खेळ पुढे सरकतो.

थोरला भाऊ दुर्लक्षिला जातो, ते अन्यायाचं आहे. १७९७ ते १८१० या काळात त्याने शेक्सपिअरची १७ नाटकं जर्मनमध्ये आणली. आधीच्या वीलांटच्या भाषांतरातली २२ पैकी बहुतेक नाटकं गद्यात होती. आउगुस्ट विल्हेल्मचा आग्रह असा की पद्याच्या जागी पद्य, गद्याच्या जागी गद्य, यमक असेल तिथे यमक. हॅम्लेटची सर्वांना पाठ असलेली ओळ पाहा: 'झाइन ओडर निष्टझाइन, दास इस्ट हीर दी फ्रागं'. इंग्रजी ओळीत ११ अवयव (सिलॅबल, म्हणजे उच्चारातले तुकडे), जर्मन ओळीतही ११. त्यातला 'हीर', म्हणजे 'इथे', मूळ ओळीत नाही. छंदाची एक जागा भरायला तो आला, आणि आला तो असा की प्रश्न तिथल्या तिथे, त्या क्षणी समोर उभा राहतो. त्याच सुमारास 'रोमिओ आणि ज्युलिएट'वर लिहिताना त्याने प्रवेशामागून प्रवेश का आवश्यक आहे ते दाखवलं. फुरसतीने वाचावा असा लेख आहे, आणि धाकट्याच्या स्फुटांआधी घ्यावा. भाषा सोपी आहे. तो १७९७ साली शिलरच्या मासिकात छापून आला. त्याच वर्षी धाकट्याच्या बोचऱ्या परीक्षणांचा राग शिलरने थोरल्यावर काढला आणि संबंध तोडला.

१८०८ ची थोरल्याची व्हिएन्नातली नाट्यविषयक व्याख्यानं म्हणजे या सगळ्याची जगभर गेलेली आवृत्ती. त्यात यांत्रिक आणि सेंद्रिय रूपाचा उतारा आहे. मऊ गोळ्याला बाहेरून हवा तो आकार द्यावा आणि सुकल्यावर तो टिकावा, ते यांत्रिक रूप. सेंद्रिय रूप जन्मजात असतं, आतून बाहेर उमलतं आणि बीज पुरतं वाढतं त्याच वेळी आकारही पुरा होतो. गॉटशेडच्या पाच समान भागांना दिलेलं हे उत्तर. फ्रेंच लेखिका माडाम द स्तालच्या वर्तुळातून ते फ्रान्सला गेलं, १८१५ साली इंग्रजीत भाषांतर झालं, आणि इंग्रज कवी कोलरिजच्या शेक्सपिअरवरच्या टिपणांत हा उतारा जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. मराठी समीक्षेच्या वर्गात कलाकृतीची 'सेंद्रिय एकता' हा शब्दप्रयोग सर्रास होतो, तो याच वाटेने इंग्रजीमार्गे आलेला आहे. त्यात एक गफलतही आली. सेंद्रिय म्हणजे मोकळं, बेशिस्त, आपसूक असा अर्थ काहीजण घेतात. मूळ उताऱ्यात रूप आहेच, तेही काटेकोर. ते फक्त बाहेरून लादलेलं नाही.

पुण्याच्या वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. १७८९ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने शाकुंतल इंग्रजीत आणलं, त्यावरून १७९१ साली गेओर्ग फोर्स्टरने जर्मनमध्ये. हेर्डर भारावून गेला आणि पुढे १८०३ च्या आवृत्तीला त्याने प्रस्तावना लिहिली. नियमाबाहेरचं, तरीही परिपूर्ण असं नाटक या समीक्षकांच्या हाती आयतंच आलं. त्याच शाकुंतलावरचं किर्लोस्करांचं संगीत नाटक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात उभं राहिलं. १८०० साली फ्रीडरिषने लिहिलं की रोमँटिकाचं सर्वोच्च रूप पूर्वेकडे शोधायला हवं. मग तो स्वतः पॅरिसला संस्कृत शिकला आणि १८०८ साली भारतीयांच्या भाषेवर व ज्ञानावर पुस्तक काढलं. थोरला १८१८ पासून बॉनला प्राध्यापक झाला, त्याने देवनागरीचे खिळे पॅरिसमध्ये स्वतःच्या देखरेखीखाली पाडून घेतले आणि १८२३ साली लॅटिन भाषांतरासह भगवद्गीता छापली. त्यावर भाषातज्ज्ञ हुम्बोल्टने व्याख्यानं दिली, त्या व्याख्यानांवर तत्त्वज्ञ हेगेलने १८२७ साली परीक्षण लिहिलं. जर्मनीत संस्कृत ग्रंथांची पाठचिकित्सा (हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं) इथून रुजली. त्या परंपरेतला कीलहॉर्न १८६६ ते १८८१ डेक्कन कॉलेजात शिकवत होता, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला ल्यूडर्सपाशी तयार झाले होते. रोमँटिक समीक्षा आणि लॉ कॉलेज रस्त्यावरची ती ग्रंथसंपादनाची कामगिरी यांच्यात असा सलग दुवा आहे.

आवृत्त्यांबद्दल थोडं व्यवहाराचं. फ्रीडरिष १८०८ साली कॅथलिक झाला, पुढे व्हिएन्नात ऑस्ट्रियन सरकारच्या सेवेत गेला आणि १८२० च्या दशकात समग्र लेखन काढताना त्याने तरुणपणचे लेख बदलले. आंतरजालावर स्कॅन मिळतो तो पुष्कळदा या बदललेल्या पाठाचा असतो. १७९६ साली प्रजासत्ताकावर लिहिणारा तरुण आणि नंतरचा परंपरावादी यांची सरमिसळ होते ती यामुळेच. बेलरच्या मार्गदर्शनाखाली निघालेल्या चिकित्सक आवृत्तीचा आयशनरने संपादित केलेला दुसरा खंड (१९६७) हाताशी ठेवावा. त्यात स्फुटं, माइस्टरवरचा लेख आणि काव्यावरचा संवाद एकत्र आहेत. इंग्रजी आधार हवा तर फर्चोचं १९७१ चं स्फुटांचं भाषांतर. त्या काळातले छापील ग्रंथ फ्राक्टुर लिपीत असतील तर लांब 'एस' आणि 'एफ', 'के' आणि 'टी' यांत गल्लत होते. आठवडाभर रोज एक पान मोठ्याने वाचलं की डोळा बसतो.

विरोधकांना शेवटी वाचावं. ग्योटे २ एप्रिल १८२९ रोजी आपला सहायक एकरमान याला म्हणाला की अभिजात ते निरोगी आणि रोमँटिक ते आजारी. कवी हाइनंने १८३० च्या दशकात पॅरिसहून साऱ्या मंडळींची खरपूस हजेरी घेतली, बॉनला आपल्याला शिकवणाऱ्या आउगुस्ट विल्हेल्मचीही. हे आधी वाचलं तर तेच चष्मे डोळ्यांवर बसतात, आणि मराठीतल्या अनेक टिपणांत तसे ते बसलेले दिसतात.

'आथेनेउम'मधलं २१६ वं स्फुट म्हणतं की फ्रेंच राज्यक्रांती, फिख्टेचं ज्ञानशास्त्र आणि ग्योटेची 'माइस्टर' या त्या युगातल्या सर्वात मोठ्या प्रवृत्ती आहेत. क्रांतीच्या पंगतीला कादंबरी बसवल्याने गदारोळ झाला. 'आथेनेउम'च्या शेवटच्या अंकात, १८०० साली, फ्रीडरिषने दुर्बोधतेवर लेख लिहून त्याला उत्तर दिलं. एकोणिसाव्या शतकात वाचायला येणारे वाचक असतील आणि कठीणातलं कठीण स्फुट फोडायलाही अडकित्ता लागणार नाही, असं त्यात तो म्हणतो. ते स्फुट आणि हा लेख एकाच दिवशी, आधी स्फुट आणि मग लेख, असे घ्यावेत. दोन्ही मिळून दोन तास लागतील.